माळ्याचं इन्सुलेशन : काम सांगण्याआधी एवढं वाचून घ्या

थंडीत घर लवकर गार पडतं अशी तक्रार घेऊन येणारे ग्राहक बहुतेक वेळा खिडक्यांकडे बोट दाखवतात. खिडक्यांतून ऊब जाते हे खरंच आहे. पण उतरत्या छपराच्या घरात माळ्यावर काहीच अंथरलेलं नसेल, तर घरातल्या उष्णतेचा साधारण पाव हिस्सा डोक्यावरून निघून जातो. गरम हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि छताला टेकते. छताच्या फळ्या किंवा जिप्समचे तक्ते पातळ असतात. त्यांच्यावर माळ्याची थंड पोकळी, आणि तिच्यावर कौलं नाहीतर पत्रा. हीटर खोली तापवतो, खोली माळा तापवते आणि माळा आभाळ तापवतो.

इन्सुलेशन स्वतः ऊब तयार करत नाही. घरात आलेली ऊब ते जास्त वेळ धरून ठेवतं, मग ती हीटरची असो, खिडकीतून आलेल्या उन्हाची असो की माणसांची. (स्वस्थ बसलेला माणूसही साधारण 100 वॅट उष्णता सोडत असतो.) त्यामुळे दिवसभर बंद असलेल्या, कसलीच शेगडी वा हीटर नसलेल्या घरात फार मोठा फरक पडेल असं आम्ही सांगणार नाही. वावर असलेल्या, तापवल्या जाणाऱ्या घरात मात्र फरक पहिल्याच थंड रात्री कळतो. उन्हाळ्यात तोच थर तापलेल्या छपराची धग खाली उतरू देत नाही, हा वरचा फायदा.

स्लॅबच्या सपाट गच्चीचं गणित वेगळं असतं. तिथे थर सहसा गच्चीच्या वरून, वॉटरप्रूफिंगच्या कामाबरोबर द्यावा लागतो. हे पत्रक त्या कामासाठी नाही.

थर काय करतो

खरं काम करते ती थांबलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.025 एवढीच असते. ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची लोकर) किंवा रॉकवूलची (दगडाच्या धाग्यांची लोकर) 0.032 ते 0.044, लाकडाची 0.13 च्या आसपास आणि विटेची 0.6 च्या पुढे. हा आकडा जितका लहान तितकी ऊब हळू पळते. ग्लासवूलमधली काच हवेला जागेवर धरून ठेवण्यापुरतीच असते. जाड रजई अंगाखाली दाबली गेली की तेवढ्याच जागी गार लागतं, तसंच इथेही होतं. थर दाबला की त्यातली हवा निघून जाते आणि पैसे देऊन घेतलेली जाडी वाया जाते. थर भिजला तर आणखी वाईट. पाण्याची वाहकता 0.6 आहे, म्हणजे स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त.

किती जाड घालायचा

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून एक हिशेब मांडतो. छत 50 चौरस मीटर, खाली खोलीत 20 अंश सेल्सिअस, वर माळ्यावर 5 अंश. काहीच अंथरलेलं नसेल तर साध्या छतातून जवळपास 1900 वॅट उष्णता सतत वर जाते. एक मोठा रूम हीटर अखंड माळ्यासाठीच चालू ठेवला आहे असं समजा. 0.04 वाहकतेचा 100 मिमीचा थर घातला की हा आकडा सुमारे 260 वर येतो. 200 मिमीला साधारण 140 आणि 300 मिमीला 95.

म्हणजे पहिल्या 100 मिमीने 1600 वॅटच्या वर वाचतात, दुसऱ्याने सुमारे 120 आणि तिसऱ्याने 45. माळा कोरा असेल तर काम लांबणीवर टाकू नका. आधीचा 100 मिमीचा थर सुका आणि एकसंध असेल, तर नवा थर घातल्याने घर एकदम बदलून जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. थंडी लांबणारी आणि कडक असेल तिथे आम्ही 250 ते 300 मिमीपर्यंत जायला सांगतो, कारण मजुरी आणि धावपळ दोन्ही वेळा जवळपास तेवढीच असते. सौम्य थंडीच्या जागी 150 मिमीवरही समाधानाने थांबता येतं.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. 200 मिमीचा थर अंथरला, पण कोपऱ्यांत, पाइपांभोवती, अडचणीच्या जागी मिळून छताचा 5 टक्के भाग उघडा राहिला. तेवढ्याशा जागेतून 90 हून जास्त वॅट जातात आणि एकूण गळती 140 ऐवजी सव्वादोनशेच्या पुढे जाते. तिसरा थर घालून जे वाचणार होतं, त्याच्या दुप्पट इथे गेलं. माळ्यावर चढायची झडप साधारण 60 सेंमी चौकोनी असते, छताच्या शंभराव्या भागाहूनही लहान. तिच्या पाठीला थर नसेल तर ती एकटी उरलेल्या सगळ्या छताच्या दहाव्या हिश्श्याइतकी ऊब बाहेर टाकते, आणि कडेच्या फटीतून जाणारी हवा यात धरलेलीच नाही. म्हणून आमच्याकडे दर विचारताना जाडीइतकंच कडा आणि कोपऱ्यांबद्दल विचारा. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेणार असाल तर त्यांनाही विचारा.

आधी फटी, मग थर

ग्लासवूल हवा धरून ठेवतं, वाहती हवा अडवत नाही. छताला भोक असेल तर गरम हवा थरातून गाळून निघावी तशी वर जाते. जुना थर उचलून पाहताना आमचे कारागीर पिवळ्या लोकरीवरचे काळपट डाग शोधतात. तो डाग बुरशीचाच असेल असं नाही. वर्षानुवर्षं हवा तिथून गेली आणि तिच्यातली धूळ धाग्यांत अडकत गेली, त्याचा तो काळा पट्टा. डागाच्या बरोबर खाली वायरीचं भोक, पाइपाची मोकळी कड किंवा भिंत आणि छत यांच्यामधली फट हमखास सापडते.

झडपेची फट तुम्ही घरीच तपासू शकता. वारा असलेल्या दिवशी खोलीत उभं राहून पेटलेली उदबत्ती झडपेच्या कडेने फिरवा. धूर ओढला गेला की फट आहे. लहान फटींना लवचीक सीलंट, मोठ्या भोकांना फोम, झडपेच्या चौकटीला रबरी पट्टी. धुराड्याच्या भोवती मात्र फोम चालत नाही. तिथे न जळणारा पत्रा आणि आग सोसणारं सीलंटच हवं, आणि जळणारा कोणताही थर धुराड्यापासून अंतर राखूनच थांबवायचा.

घरात उघड्या ज्योतीची शेगडी किंवा लाकूड, कोळसा जाळायची सोय असेल तर ते काम ठरवतानाच सांगा. फटी बुजवल्यावर अशा घराला ताज्या हवेची वेगळी वाट ठेवावीच लागते. ज्वलनातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

ओल : इथे बहुतेक कामं बिघडतात

थर घातल्यावर खालच्या खोल्या उबदार होतात, म्हणजेच माळा पूर्वीपेक्षा थंड होतो. हे ठरवून केलेलं असतं, पण त्याचे परिणाम आहेत. खोलीत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा 12 अंशांपर्यंत गार होताच तिच्यातून पाणी सुटू लागतं. माळा 5 अंशांवर असेल तर फटीतून वर गेलेली वाफ वाशांवर आणि पत्र्याच्या खिळ्यांवर थेंब होऊन बसते. ग्राहक म्हणतात छप्पर गळतंय. पाऊस नसताना गळत असेल तर पाणी बहुधा खालूनच वर गेलेलं असतं.

यावर उपाय तीन. पहिला, फटी बुजवणं, तो वर आलाच. दुसरा, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याची नळी थेट घराबाहेर काढणं. ती माळ्यावर मोकळी सोडलेली आम्हाला इतक्या वेळा दिसते की आता आम्ही काम सुरू करण्याआधी आधी तीच पाहतो. तिसरा, वळचणीतून माळ्यावर येणारी हवा चालू ठेवणं. वळचणीच्या कडेला, छपराच्या आतल्या बाजूने निदान 50 मिमीची मोकळी पट्टी हवी. थर वळचणीपर्यंत न्यायचा, पण ती वाट बंद करायची नाही. त्यासाठी वाशांच्या मधे तिरके तक्ते बसवतात.

नेमक्या याच वाटेवरून वाद होतात. माळ्यावर गेलं की गार वारा लागतो, मग ती फट बुजवूनच टाका, असा आग्रह होतो. तो वारा तुमच्या खोलीत येत नाही. तो थराच्या वरून फिरतो आणि लाकूड सुकं ठेवतो. ही फट बुजवायला आम्ही नकार देतो.

बाष्परोधक कागद लावायचा असेल तर तो थराच्या उबदार बाजूला, म्हणजे खाली. वर प्लॅस्टिक पसरलं की वाफ थरातच अडकते. कौल फुटलेलं असेल, पत्रा गळत असेल, तर आधी ते काम करून घ्या. ओल्या माळ्यावर आम्ही थर अंथरत नाही.

कोणता माल

ग्लासवूल आणि रॉकवूल दोन्ही जळत नाहीत. बहुतेक माळ्यांना आम्ही हेच सुचवतो. रॉकवूल जड असतं आणि कमी दबतं. जुन्या कागदापासून केलेलं सेल्युलोज बोरॉनचे क्षार मिसळून येतं आणि नळीने फुंकून भरतात. वाकड्यातिकड्या, हात न पोचणाऱ्या जागांना ते चांगलं. पुढे ते थोडं खाली बसतं, म्हणून भरताना जास्त भरायचं. मेंढीची लोकर वाफ शोषून पुन्हा सोडते आणि हाताळायला त्रास देत नाही, पण महाग पडते. पीआयआरचे (एक प्रकारच्या कडक प्लॅस्टिक फोमचे) तक्ते त्याच जाडीत लोकरीपेक्षा जवळपास दीडपट काम करतात. जुन्या घरातल्या तुळया मात्र सरळ रेषेत नसतात आणि तक्त्याच्या कडेला राहिलेली फट सगळा फायदा खाऊन टाकते. चकचकीत फॉइल एकटंच पुरेल असं कुणी सांगितलं तर त्याच्या समोर मोकळी हवा किती राहणार ते विचारा. दोन वस्तूंमधे दाबून बसवलेलं फॉइल उष्णता परावर्तित करूच शकत नाही.

थर शक्यतो दोन द्यावेत. पहिला तुळयांच्या मधे त्यांच्या उंचीइतका, दुसरा त्यांच्यावरून आडवा. लाकूड लोकरीच्या तिप्पट वेगाने ऊब नेतं, त्यामुळे तुळयाही झाकल्या जायला हव्यात.

वायरी आणि पाणी

थराखाली दाबलेली वायर तापते, कारण तिची उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. शक्य तिथे वायरी वर घ्यायच्या. गीझर किंवा शेगडीसारख्या जास्त भाराच्या वायरी इलेक्ट्रिशियनला आधी दाखवून घ्यायच्या. थर्माकोल आणि पीव्हीसी वायर एकमेकांना लागू देऊ नका. वायरीचं आवरण हळूहळू कडक आणि ठिसूळ होतं. छतात खोल बसवलेल्या दिव्यांवर आग सोसणारी टोपी हवी. दिव्यावर नुसती लोकर टाकणं धोक्याचं आहे.

पाणी गोठेल इतकी थंडी असेल तर माळ्यावरच्या पाइपांना आणि टाकीला वेगळं आवरण लागतं, कारण माळा आता जास्त थंड राहणार. टाकीच्या बाजू आणि झाकण गुंडाळायचं, तळाखाली थर घालायचा नाही. खालच्या खोलीतून येणारी थोडी ऊब टाकीला मिळू द्यायची.

माळ्यावर सामान ठेवता?

तुळयांवर फळ्या ठोकल्या आणि खाली 250 मिमी लोकर 100 मिमीत कोंबली, असं करू नका. उंच पाय लावून त्यांच्यावर फळ्या टाकता येतात, आणि थर व फळी यांच्यामधे हवेला जागा राहते. माळ्याची खोलीच करायची असेल तर थर जमिनीवर न घालता छपराच्या उतारावर, वाशांच्या मधे आणि खालून द्यावा लागतो. ते काम मोठं आहे, त्याचं मोजमाप वेगळं करू.

स्वतः करणार असाल

करता येतं, आणि साध्या मोकळ्या माळ्याला आम्हीच कशाला हवेत! पाय फक्त तुळईवर ठेवायचा. मधल्या तक्त्यावर पडलेला पाय खालच्या खोलीत निघतो. मापाची एक भक्कम फळी तुळयांवर आडवी टाकून तिच्यावर बसून काम करा. मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि सुरुवात लांबच्या कडेपासून करून झडपेकडे या. जुन्या घरात करड्या रंगाचे सिमेंटचे तक्ते किंवा दाणेदार चमकता भराव दिसला तर हात लावू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी होईपर्यंत झडप बंद ठेवा.

आमचे लोक येण्याआधी माळा रिकामा करून ठेवलात तर काम वेळेत होतं. काम संपल्यावर आम्ही झडपेच्या आतल्या बाजूला एक कागद लावून जातो. त्यावर मालाचं नाव, जाडी, तारीख आणि थराखाली राहिलेल्या वायरींच्या जोडपेट्या कुठे आहेत त्याचा साधा नकाशा असतो. पुढे कधी इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर वर गेला तर त्याला तो दाखवा, आणि तो खाली उतरल्यावर स्वतः एकदा टॉर्च घेऊन डोकावा. दूर सारलेली लोकर पुन्हा जागेवर ठेवायची बहुतेकांना आठवण राहत नाही.