मोकी गोट्यांमधलं लोखंड

‘मोकी मार्बल्स’ नावाचे काळपट गोल दगड ऑनलाइन जोडीने विकले जातात. एक नर, एक मादी, दोन हातांत धरले की ऊर्जा संतुलित होते म्हणे. दगड खरोखर विलक्षण आहेत, म्हणूनच ही थापेबाजी खुपते.

नावातलं ‘मोकी’ म्हणजे होपी लोक. अमेरिकेत ईशान्य ॲरिझोनातल्या तीन पठारांवर त्यांची गावं आहेत आणि मक्याची कोरडवाहू शेती हा त्यांच्या जगण्याचा कणा. स्पॅनिशांनी त्यांच्याच एका जुन्या नावावरून ‘मोकी’ उचललं. पण इंग्रजीतला त्याचा उच्चार होपी भाषेतल्या ‘मेला’ या शब्दाच्या फार जवळ गेला. जिवंत माणसांना कुणी असं हाक मारावी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सरकारी कागदांतही ‘होपी’ रूढ झालं. दगडांचं नाव मात्र बदललं नाही.

हे दगड सापडतात शेजारच्या युटा राज्याच्या दक्षिणेकडच्या ‘नवाहो’ वालुकाश्मात. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या. वाळूच्या कणांवर हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, पातळ लेप असल्याने खडक लाल. पुढे हायड्रोकार्बन, म्हणजे खनिज तेल-वायूसारखे पदार्थ, मिसळलेलं भूजल त्यातून झिरपलं. हेमॅटाइटमधलं लोह ‘फेरिक’ रूपात, म्हणजे ‘फेरस’ रूपापेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असलेलं, असतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. या भूजलाने त्याला इलेक्ट्रॉन दिले, ते फेरस झालं आणि विरघळलं. लोह निघून गेलं तिथे खडक पांढुरका पडला. हेच पाणी जिथे ऑक्सिजनयुक्त पाण्याला भेटलं, तिथे लोह पुन्हा फेरिक झालं आणि वाळूच्या कणांमधल्या फटींत साचलं. आसपासचं विरघळलेलं लोह विसरणाने (डिफ्यूजन), म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे पसरत, सगळ्या बाजूंनी तिकडे येत राहिलं, म्हणून आकार गोल. निदान प्रचलित मांडणी अशी आहे; काही भूशास्त्रज्ञांच्या मते आधी लोहाच्या कार्बोनेटचे गोळे बनले आणि त्यांचं नंतर ऑक्सिडीकरण झालं.

गोटी कापली की बाहेर काळं, कठीण कवच दिसतं आणि आत बहुतेकदा फिकट वाळू. टेकडीचे जुने तिरपे थर कवचातूनही सलग गेलेले दिसतात. गोटी खडकाच्या आतच वाढली, याचा हा पुरावा. ज्या थरातून पाणी सहज वाहिलं, तिथे कडा बाहेर येते आणि गोटी तबकडीसारखी होते. तोच दुकानदारांचा ‘नर’.

२००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी यानाला मंगळावर हेमॅटाइटचे गोळे सापडले. त्याच वर्षी भूशास्त्रज्ञ मार्जोरी चान आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत युटाच्या गोट्यांशी त्यांची तुलना केली. मंगळावरचे गोळे आकाराने बरेच लहान आहेत आणि तिथलं रसायनही वेगळं, अधिक आम्लधर्मी. पण खडकातून पाणी झिरपलं असणार, हे दोन्हीकडे सारखंच.