फॅट बसेना की डिग्री बसेना? एकाच पावतीवरची दोन वेगळी दुखणी

गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे कपात. कपात कुठल्याही आकड्यामुळे झालेली असो, गोठ्यात उपाय मात्र बहुतेक वेळा एकच होतो: गोळी पेंड दोन किलोंनी वाढवायची. खरं नुकसान इथून पुढे सुरू होतं. फॅट पडलेल्या गायीला पेंड वाढवली तर फॅट आणखी पडते. एसएनएफ पडलेल्या गायीला नुसता कडबा वाढवला तर एसएनएफ आणखी खाली जातो. एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं, म्हणून पेंडीच्या पोत्याला हात घालण्याआधी दुखणं कुठलं ते ओळखायला हवं.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा, दूध पाण्यापेक्षा किती जड आहे तो. २८ डिग्री म्हणजे घनता १.०२८. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते, आणि लॅक्टोमीटर वापरत असाल तर तो हिशोबाने काढलेला असतो: डिग्रीचा चौथा भाग, त्यात फॅटचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, आणि वर एक ठरावीक आकडा. हा ठरावीक आकडा डेअरीगणिक थोडा वेगळा असतो. बोलताना आपण दोन्हीला ‘डिग्री’च म्हणतो आणि फसतो. फॅट पाण्यापेक्षा हलकी असते. त्यामुळे नुसती फॅट घटली तर डिग्री उलट थोडी चढते आणि दूध सुधारल्यासारखं वाटतं. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर फॅटच्या गायीचं दूध उलट डिग्रीला हलकं दिसतं. म्हणून पावतीवर डिग्री नको, फॅट आणि एसएनएफ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. धार काढल्या काढल्या लॅक्टोमीटर बुडवू नका. फेस आणि हवेमुळे आकडा कमी येतो.

दोन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली आले असतील तर चाऱ्याचा विचार नंतर, पाण्याचा आधी. १० लिटरमध्ये १ लिटर पाणी असेल तर २८ डिग्रीची साधारण २५ होते आणि ३.५ फॅटची ३.१५. यात लबाडीच असते असं नाही. धुतलेल्या २० लिटरच्या किटलीत अर्धा लिटर पाणी राहिलं तरी ८.५ चा एसएनएफ ८.३ वर येतो. किटली उपडी ठेवून निथळू द्या.

आता फॅट. कोटीपोटात, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटात, जिवाणू वैरणीतला तंतू आंबवतात, त्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल निघतं, ते रक्तातून कासेत जातं आणि तिथे त्याची फॅट होते. दुधातली साधारण निम्मी फॅट अशी कासेतच घडते. उरलेली खाद्यातल्या तेलातून आणि गायीच्या अंगावरच्या चरबीतून येते. मका भरडा आणि पेंडीतल्या स्टार्चपासून प्रोपिऑनिक आम्ल जास्त बनतं. वैरण भरपूर असते तेव्हा या दोन आम्लांचं प्रमाण ३ ला १ च्या वर राहतं, खुराक (पेंड, भरडा) फार झाला की ते २ ला १ कडे घसरतं.

बरीच वर्षं समजूत अशी होती की ॲसिटिक आम्ल कमी पडतं म्हणून फॅट पडते. ते अर्धंच खरं निघालं. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बाउमन यांच्या गटाने दाखवलं की कोटीपोट बिघडलं की तेलातल्या मेदाम्लांपासून एक वेगळं मेदाम्ल तयार होतं, आणि ते कासेतलं फॅट बनवण्याचं काम थांबवतं. हे मेदाम्ल दिवसाला जेमतेम १० ग्रॅम थेट चौथ्या पोटात सोडल्यावर चार दिवसांत फॅट ४० टक्क्यांहून जास्त घटली. दूध मात्र तेवढंच राहिलं. आपल्या गोठ्यात हेच दिसतं: लिटर भरतात, फॅट बसत नाही. म्हणूनच फॅट वाढावी म्हणून गायीला खाद्यतेल पाजणं हा उलटा उपाय आहे. तेल जास्त आणि पोट आंबट, या दोन गोष्टी जुळल्या की ते मेदाम्ल बनणारच.

पोट आंबट होऊ नये याची सोय निसर्गाने लाळेत केली आहे. गाय दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत सोडा असतो. पण लाळ सुटते चावल्यावर, रवंथ केल्यावर. कुट्टी यंत्राची पाती जवळ घेऊन वैरणीची पिठासारखी बारीक कुट्टी केली तर चावायला काही उरत नाही. कुट्टी पाऊण ते दीड इंच ठेवा. बसलेल्या दहा गायींपैकी निदान पाच-सहा रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. शेण सैल, फेसाळ, त्यात मक्याचे कण दिसत असतील तर कोटीपोटाचा सामू (पीएच) घसरला आहे, म्हणजे पोट आंबट झालं आहे. तो ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू काम सोडतात.

उपायात नवीन पोतं आणायची गरज नसते. दिवसाचा ८ किलो खुराक दोन वेळा ४-४ किलो देण्यापेक्षा चार वेळा २-२ किलो द्या. आधी वैरण, मग खुराक, हा क्रम मोडू नका, उपाशी पोटी पेंड तर नकोच. रोज २ ते ३ किलो कोरडा कडबा पोटात जाऊ द्या. खाण्याचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, दोन वेळा विभागून, खुराकात मिसळून द्या. पण कडबा न वाढवता नुसता सोडा म्हणजे गळत्या छपराखाली भांडं ठेवणं. आणखी एक साधं कारण: धारेचं सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत फॅट कितीतरी पट जास्त असते. तो शेवट कासेत राहिला किंवा वासराने प्यायला तर फॅट पडते. एसएनएफ मात्र जवळपास तसाच राहतो.

एसएनएफचा रस्ताच वेगळा. ८.५ ची फोड करा: दुग्धशर्करा साधारण ४.६, प्रथिनं ३.२, क्षार ०.७. दुग्धशर्करा आपल्याबरोबर पाणी ओढून आणते, म्हणून खाद्य वाढलं की लिटर वाढतात, तिची टक्केवारी फारशी हलत नाही. क्षारही तसेच, कमी पडले तर गाय हाडातून काढून देते. त्यामुळे मिनरल मिक्श्चरने (क्षार मिश्रणाने) डिग्री वाढते हा समज सोडून द्या. ते द्यायचंच, पण वेगळ्या कारणासाठी. हलतं ते प्रथिन. त्यासाठी लागणारी बरीचशी अमिनो आम्लं कोटीपोटातल्या जिवाणूंच्या शरीरातून मिळतात, आणि जिवाणू वाढायला ऊर्जा आणि नत्र एकाच वेळी लागतं. ऊर्जा कमी पडली की जिवाणू कमी, मग प्रथिन कमी, मग एसएनएफ कमी.

इथे मका भरडा उपयोगी पडतो: दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो या हिशोबाने वाढवायचा. एकूण खुराक गायीच्या पोषणाला १ ते १.५ किलो, वर दर २.५ लिटर दुधामागे १ किलो. यापेक्षा फार पुढे गेलात तर फॅटचं दुखणं ओढवून घ्याल. ऊर्जा न वाढवता नुसती सोयाबीन पेंड ओतली तर जादा नत्राचा अमोनिया होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि त्या कामात गायीचीच ऊर्जा जाते. महागडी पेंड मूत्रातून वाहून जाते, गाभण राहायलाही अडचण येते.

गोठ्यातल्या एकाच गायीचा एसएनएफ अचानक पडला तर गव्हाणीत बघू नका, कासेत बघा. सुप्त कासदाहात दूध दिसायला चांगलं असतं, पण दुग्धशर्करा आणि केसिन (दुधातलं मुख्य प्रथिन) घटतं. चारही सडांच्या दुधाची सीएमटी (कासदाह ओळखण्याच्या) द्रावणाने तपासणी करा.

आपल्याकडे ही दोन दुखणी भूगोलावरही वाटली गेली आहेत. कराड, वाळवा, पलूस या कृष्णाकाठच्या पट्ट्यात गाळप सुरू झालं की गव्हाणीत उसाचे वाढे (शेंड्याची हिरवी पाती) येतात. वाढ्यात तंतू आहे, प्रथिन फार थोडं, त्यामुळे आधी एसएनएफ जातो. तो भरून काढायला खुराकाची पाटी भरते आणि मग फॅटही जाते. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, मिनरल मिक्श्चर द्यायचं ते या कारणासाठी. वाढ्यांच्या दिवसांत थोडा लसूणघास किंवा मक्याचा मुरघास मिळाला तर मोठा फरक पडतो. माण, खटाव, आटपाडी, जतच्या बाजूला कडब्यावर भिस्त असते तिथे फॅट सहसा टिकते, पण ऊर्जेवाचून एसएनएफ बसत नाही.

एक जोडी मात्र तातडीने ओळखावी. व्यायल्यापासून पहिल्या सहा आठवड्यांत फॅट ४.८ आणि एसएनएफ ८.० असं दिसलं तर चांगल्या फॅटवर खूश होऊ नका. गाय अंगावरची चरबी वितळवून ती फॅट देत आहे, हे किटोसिसचं (ऊर्जा कमी पडून होणाऱ्या आजाराचं) लक्षण असू शकतं. गाय खुराक टाकून वैरणच खात असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

तपासणीला किटलीतलं एकत्र दूध चालत नाही. गायवार, पूर्ण धारेचं, ढवळून घेतलेलं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं, तीन दिवस. एका वेळी एकच बदल करा. खुराक सुधारल्यावर एसएनएफ आठ-दहा दिवसांत हलायला लागतो, पडलेली फॅट परत यायला दोन ते तीन आठवडे लागतात. आठव्या दिवशी फॅट आली नाही म्हणून पुन्हा पेंड बदलली तर तोवर सावरत आलेले जिवाणू परत विस्कटतात आणि दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात.