हापूसचं पत्र स्पॅममध्ये का जातं?

देवगड, राजापूर, रत्नागिरी या पट्ट्यातले काही बागायतदार दलालाला वगळून थेट ग्राहकाला पेटी पाठवतात आणि हंगामाची खबर ई-मेलने देतात. मोहोर कसा होता, पहिली तोड कधी, डझनाचा भाव काय, मुंबई-पुण्यात माल कुठे उतरणार. बऱ्याच ग्राहकांना हे पत्र हवं असतं. तरी कुणीतरी त्याला ‘स्पॅम’ ठरवतं, आणि मग वाट पाहणाऱ्यांच्या इनबॉक्समध्येही ते दिसेनासं होतं. थोड्या लोकांच्या तक्रारीला एवढं वजन कसं आलं, हे समजायला मागे जावं लागतं.

ई-मेलची मूळ रचना विश्वासावर उभी आहे. १९८२ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा टपाल पोचवण्याचा नियमसंच मांडला. पाठवणारा स्वतःचं जे नाव सांगेल ते खरं धरायचं, अशी त्यात सोय होती, पडताळणी नव्हती. जाळं तेव्हा मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरतं होतं. तरी आगंतुक जाहिरात त्याच्याही आधीची. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांचं आमंत्रण अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या सुमारे ४०० जणांना धाडलं होतं, आणि त्यावर नाराजीही तेव्हाच उमटली होती.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तोवर जगात हा उपद्रव मोठा झाला होता. आधी उपद्रवी सर्व्हरांच्या काळ्या याद्या आल्या, मग मजकुरातले शब्द मोजून अंदाज बांधणाऱ्या चाळण्या. दोन्ही अपुऱ्या पडल्या. मग मेलसेवांनी वाचकालाच विचारायला सुरुवात केली: हे नको आहे का? ‘स्पॅम कळवा’ या बटणाने कौल वाचकाच्या हाती दिला. मला हे न्याय्य वाटतं. इनबॉक्स वाचकाचा आहे.

कायद्याची वाट वेगळी गेली. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने आधी संमती घ्यायची सक्ती केली नाही, पण नाव काढायची विनंती १० कामकाजाच्या दिवसांत पाळायला लावली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक ई-मेलचाही उल्लेख होता. कलम इतकं ढगळ होतं की नोव्हेंबर २०१२ मध्ये उत्तर कोकणातल्या पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, हे तत्त्व आणलं.

बागायतदाराला प्रत्यक्षात जास्त बोचतात ते मेलसेवांचे नियम. गुगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अटी फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाल्या. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे, ०.१ च्या खाली असेल तर उत्तम. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारी झाल्या की धोक्याची रेषा गाठली. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना एका क्लिकची ‘अनसबस्क्राइब’ सोय आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही ओळखीची पडताळणी बंधनकारक आहे. छोट्या बागायतदाराची यादी त्याहून लहान असते, पण तक्रारींच्या प्रमाणाची अट त्यालाही लागू आहे. शिवाय एखाद्या बाहेरच्या सेवेतून पत्रं पाठवताना फुकटचा जीमेल पत्ता लावला, तर ही पडताळणी जुळत नाही. स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःचं नाव, घ्यावंच.

कोकणची खरी अडचण हंगामाची आहे. मे संपला की पत्र थांबतं ते थेट पुढच्या मार्चला उगवतं. मधल्या नऊ-दहा महिन्यांत ग्राहक बागेचं नाव विसरलेला असतो. भर म्हणजे याद्याही उसन्या असतात. मार्च २०२० ची टाळेबंदी ऐन हंगामात लागली, तेव्हा माल थेट सोसायट्यांच्या दारात गेला. अशा वेळी कुणीतरी एकजण सगळ्यांची नावं गोळा करून पाठवतो. पेटी घेतली म्हणजे दरवर्षी पत्रं घ्यायला होकार दिला, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. प्रदर्शनातल्या वहीत लिहिलेल्या पत्त्यांचंही तेच.

म्हणून यादीत नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीला पुष्टीचं पत्र पाठवावं आणि तिने त्यातली लिंक दाबली तरच नाव ठेवावं. यादी आकसेल, आकसू द्यावी. विषयात बागेचं आणि गावाचं नाव असावं, पहिल्याच ओळीत ‘गेल्या वर्षी आपण आमच्याकडून पेटी घेतली होती’ अशी ओळख द्यावी. पाऊस सरल्यावर एक आणि मोहोर धरताना एक, अशी दोन छोटी पत्रं गेली तर मार्चचं पत्र परकं वाटत नाही. नाव काढायची लिंक ठळक असावी. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

तक्रार आलीच, तर ते नाव त्याच दिवशी काढावं आणि त्या माणसाला समजावायला जाऊ नये. याहूसारख्या सेवा नोंदणी केलेल्या डोमेनला तक्रारीची प्रत कळवतात. जीमेल नाव सांगत नाही, पोस्टमास्टर टूल्स या पत्रं पाठवणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या साधनात फक्त प्रमाण दाखवतं, तेही पत्रांची संख्या पुरेशी असेल तरच. अशा वेळी कुठल्या गठ्ठ्यातली नावं नव्याने घातली होती ते तपासावं, तो गठ्ठा बाजूला ठेवावा, आणि पुढची दोन-तीन पत्रं गेल्या हंगामात खरोखर मागणी नोंदवणाऱ्यांनाच पाठवावीत.