माझो फॉर्म खंय गेलो?

2013 च्या पावसाळ्यातली गोष्ट. देवगड तालुक्यातल्या एका गावात एस.टी. स्टँडला लागून माझ्या मित्राचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. गावी गेलो की मी तिथं त्याच्या मदतीला बसायचो. बाहेर धो धो पाऊस, आत एकच कॉम्प्युटर, आणि समोर हापूसचे बागायतदार एक काका. चार पानांचा अर्ज होता. तीन पानं भरून झाली होती. चौथ्या पानावर 'प्रिंट' दाबलं की पावती वेगळ्या खिडकीत उघडणार होती, पण ब्राउझर ती खिडकी उघडूच देईना. परवानगी द्यावी म्हणून मी सेटिंग्ज उघडल्या. पडद्याच्या मधोमध एक चौकट येऊन बसली आणि अर्ज तिच्याखाली गडप झाला.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, माझो फॉर्म खंय गेलो?"

"आसा काका, मागे आसा," मित्र म्हणाला.

अर्ज होता, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. पॉप-अपला, म्हणजे अशा वेगळ्या उघडणाऱ्या खिडकीला, परवानगी देण्याच्या यादीत त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहायचा होता. पत्ता मागच्या खिडकीत, वरच्या पट्टीत, अर्धा झाकलेला. मी मागच्या खिडकीवर क्लिक केलं. 'टुंग' असा आवाज आला, बाकी काहीच झालं नाही. पुन्हा क्लिक, पुन्हा टुंग. शेवटी सगळ्या चौकटी एकेक करून बंद केल्या, काकांच्या खिशातल्या एस.टी.च्या तिकिटामागं पत्ता उतरवून घेतला, सेटिंग्ज परत उघडल्या आणि तिकिटाकडे बघत एकेक अक्षर टाइप केलं. पडद्यावरचीच गोष्ट पडद्यावर न्यायला मध्ये कागद लागावा, हे मला फार खटकलं. चूक काकांची नव्हती, आमचीही नव्हती. त्या चौकटीची जातच तशी होती. ब्राउझरच्या सेटिंग्ज अशा चौकटीतून निघून टॅबमध्ये गेल्या, त्यात काय मिळालं आणि काय हरवलं, त्याची ही गोष्ट.

त्या चौकटीला 'डायलॉग बॉक्स' म्हणतात, म्हणजे संवादाची चौकट. तिच्यात दोन प्रकार असतात. एक प्रकार बाजूला उघडा राहतो आणि तुमचं मागचं काम चालू राहू देतो. दुसरा प्रकार 'मोडल'. त्याला 'ओके' किंवा 'कॅन्सल' असं उत्तर मिळेपर्यंत मागच्या खिडकीशी तुमचा संबंध तुटलेला असतो. 'टुंग'चा अर्थ एवढाच, की आधी माझं उत्तर दे.

'मोडल' या नावात 'मोड' हा शब्द आहे आणि त्याच्याशी लॅरी टेस्लर (1945–2020) आयुष्यभर भांडले. आज आपण सहज करतो ते कट, कॉपी, पेस्ट त्यांनी 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांसोबत घडवलं. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं लिहिलेलं होतं. मोड म्हणजे यंत्राची अशी अवस्था, जिच्यात त्याच बटणाचा अर्थ बदलतो. त्याच प्रयोगशाळेत 'ब्राव्हो' नावाचा एक संपादक प्रोग्राम होता. त्यात अक्षरं कधी मजकूर म्हणून उमटत, तर कधी आज्ञा म्हणून पाळली जात. तिथला किस्सा संगणकवाले अजून सांगतात. कुणी मजकूर लिहितोय असं समजून 'एडिट' हा शब्द टाइप केला, पण प्रोग्राम आज्ञेच्या अवस्थेत होता. 'ई' म्हणजे सगळं निवड. 'डी' म्हणजे पुसून टाक. 'आय' म्हणजे आता लिहायला लाग. आणि मग 'टी' तेवढं उमटलं. अख्खा मजकूर जाऊन पडद्यावर एकटं 'टी' उरलं. टाइप करणाऱ्याच्या बोटांनी काहीही वावगं केलं नव्हतं. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे त्याला दिसत नव्हतं, इतकंच. टेस्लर यांनी टिम मॉट यांच्यासोबत 'जिप्सी' हा संपादक प्रोग्राम बनवला तो असले मोड काढून टाकण्यासाठीच.

अडवणारी चौकट हीसुद्धा एक अवस्थाच. एरवी ज्या क्लिकनं खिडकी पुढे आली असती, त्याच क्लिकला आता टुंग.

इथं माणसाच्या स्मरणशक्तीचा प्रश्न येतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली मांडलं, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन इकडे तिकडे, मनात धरून ठेवू शकतो. 2001 साली नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. एखाद्या सरकारी संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता अक्षर अक्षर करून या मुठीत मावणं शक्यच नाही. मग आपण काय करतो? लक्षात ठेवायची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवतो. आजी मिठाचा डबा ओट्यावर पुढे काढून ठेवायची, म्हणजे कालवणात मीठ घालायचं विसरायला नको. समोर दिसणारी वस्तू हीच आठवण. चौकट जेव्हा अर्ज झाकते तेव्हा ती नेमका हा आधार काढून घेते. तिकिटाची पाठ ही माझ्यासाठी ओट्यावर ठेवलेला डबाच होती.

'टॅब' या शब्दाची गल्लत आधी दूर करू. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमधल्या 'इंटरनेट ऑप्शन्स' या चौकटीत वर सात टॅब असायचे: जनरल, सिक्युरिटी, प्रायव्हसी, कन्टेन्ट, कनेक्शन्स, प्रोग्राम्स आणि अ‍ॅडव्हान्स्ड. ते फाइलीच्या कडेला लावलेल्या चिठ्ठ्यांसारखे, एकाच चौकटीच्या पोटातले. मी बोलतोय तो ब्राउझरचा टॅब, ज्यात वेबपान उघडतं. आज बहुतेक ब्राउझरमध्ये सेटिंग्ज तिथंच उघडतात, दुसऱ्या कुठल्याही पानाच्या शेजारी.

हे आपोआप झालं नाही. क्रोम सप्टेंबर 2008 मध्ये आला तेव्हा त्याच्याही सेटिंग्ज चौकटीतच होत्या. मार्च 2011 मध्ये दहाव्या आवृत्तीत त्या टॅबमध्ये गेल्या आणि सोबत शोधायची पट्टी आली. फायरफॉक्सनं मे 2015 मध्ये, 38 व्या आवृत्तीत, हाच रस्ता धरला; शोधपट्टी तिथं सप्टेंबर 2017 मध्ये, 56 व्या आवृत्तीत आली. मॅकवरच्या सफारीनं मात्र सेटिंग्जची वेगळी खिडकी ठेवली आहे.

टॅबमध्ये जाण्यानं काय मिळालं? माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जागा. चौकटीला मोजकं माप असतं. 2007 साली आलेल्या आसुस कंपनीच्या 'ईईई पीसी' या लहानग्या लॅपटॉपचा पडदा 800 बाय 480 ठिपक्यांचा होता. मोठ्या पडद्यासाठी आखलेली उंच चौकट त्यावर उघडली, तर 'ओके'चं बटण पडद्याच्या खालीच राहायचं. वेबपान मात्र जन्मतःच लवचिक असतं. जागा कमी पडली की मजकूर दुमडतो, उरलेला खाली सरकवून वाचता येतो.

आपल्या भाषेसाठी तर ही लवचिकता फारच मोलाची. इंग्रजीत दोन अक्षरांत भागणारं 'ओके' मराठीत 'ठीक आहे' होतं. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळीला उंचीही जास्त लागते. इंग्रजी मापानं कापलेल्या चौकटीत आपले शब्द शेवटी चिरडले जातात. फायरफॉक्सच्या चौकटीच्या दिवसांत अनुवादकांच्या फायलीत शब्दांबरोबर खिडकीच्या मापाचीही ओळ असायची. आपल्या भाषेतली वाक्यं मावावीत म्हणून खिडकी किती रुंद हवी, हे अनुवादकानं ठरवायचं. शब्द शोधणाऱ्या माणसाला सुताराचं कामही करावं लागे. पान आलं आणि ते काम बरंचसं संपलं.

दुसरी गोष्ट पत्त्याची. टॅबमधल्या पानाला पत्ता असतो. क्रोममध्ये वरच्या पट्टीत इंग्रजीत 'क्रोम', विसर्गासारखी दोन टिंबं, दोन तिरक्या रेघा आणि 'सेटिंग्ज' असं लिहिलं की थेट तिथं पोचता येतं. कोकणातल्या घरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मुलगा डोंबिवलीला किंवा विरारला, आईवडील गावी, आणि कॉम्प्युटर अडला की फोनवरून दुरुस्ती. "बाबा, वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात का? नाही, त्याच्या खालची नव्हे…" हे मी कितीतरी घरांच्या पडवीत ऐकलंय. पत्ता किंवा शोधपट्टीतला एक शब्द सांगून काम भागत असेल, तर वाटेतली दहा वळणं वाचतात. ब्राउझर मराठीत ठेवला असेल तर शोधही मराठी शब्दानं घेता येतो.

पण या बदलात एक गोष्ट हरवली आणि तिची मला खरोखर हळहळ वाटते. ती म्हणजे 'कॅन्सल'. विंडोजवरच्या चौकटीत तुम्ही दहा खुणा बदलल्या, गोंधळलात, तरी 'कॅन्सल' दाबून सगळं पूर्वीसारखं करता यायचं. 'ओके' म्हणेपर्यंत काहीच खरं झालेलं नसायचं. टॅबमध्ये बहुतेक खुणा दाबल्या क्षणी लागू होतात. दुकानात येणारी माणसं अजून पान खालपर्यंत सरकवून 'सेव्ह'चं बटण शोधतात. ते नसतंच. मग बदल झाला की नाही या शंकेनं तीच खूण पुन्हा दाबतात, आणि झालेला बदल उलटतो. कच्च्या पाटीवर हिशेब मांडून बघायची सोय काढून घ्यायची आणि थेट वहीत शाईनं लिहायला लावायचं, असा हा प्रकार आहे. निदान "नुकताच केलेला बदल मागे घ्या" असं एक बटण प्रत्येक सेटिंग्ज पानावर असायला हवं. ते बनवणं अवघड नाही.

विश्वासाचाही प्रश्न आहे. सेटिंग्ज वेबपानासारख्या दिसू लागल्या, म्हणजे कुणीही लबाड वेबपान सेटिंग्जसारखं रंगवू शकतो. खरं पान ओळखायची खात्रीची जागा वरची पत्त्याची पट्टी, कारण तिथं काय दिसावं हे वेबसाइटच्या हातात नसतं. क्रोम आणि फायरफॉक्स कुठल्याही साइटला आपलं खरं सेटिंग्ज पान उघडूही देत नाहीत, त्यातल्या खुणा बदलणं तर दूरच. म्हणून एखाद्या दुव्यावर क्लिक करून 'सेटिंग्ज' समोर आल्या, तर आधी पट्टीकडे बघा.

मग अडवणारी चौकट टाकाऊ झाली का? अजिबात नाही. जिथं पुढचं पाऊल मागे घेता येणार नाही, तिथं अडवलंच पाहिजे. सगळा इतिहास पुसताना क्रोम सेटिंग्जच्या टॅबवरच एक छोटी चौकट आणून विचारतो, आणि ते योग्यच आहे. मात्र ऊठसूट अडवलं तर माणूस वाचणंच सोडून देतो. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली लोकांना तीच ती सुरक्षा-सूचना दाखवत त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. सूचना दुसऱ्यांदा दिसली तेव्हाच मेंदूच्या पाहण्याशी निगडित भागातला प्रतिसाद झपाट्यानं घटला होता. आपण याला निष्काळजीपणा म्हणतो, पण मेंदू ओळखीच्या गोष्टीवर पुन्हा शक्ती खर्च करत नाही. चौकट आली की बोट आपसूक 'ओके'वर जातं ते यामुळे.

या सवयीचा गैरफायदा घेता येतो हे 2004 मध्येच दाखवून दिलं गेलं. पान तुम्हाला इंग्रजी 'ओन्ली' हा शब्द टाइप करायला सांगतं. तुमची बोटं वेगात चालू असतात. शेवटचं 'वाय' दाबायच्या आत प्रोग्राम बसवायची परवानगी मागणारी चौकट उगवते, आणि 'वाय' म्हणजे 'येस' असं धरून परवानगी देऊन मोकळी होते. तेव्हापासून फायरफॉक्स अशा चौकटीतलं होकाराचं बटण सुरुवातीला काही क्षण फिकट आणि निर्जीव ठेवतो. ते बटण लगेच दाबलं जात नाही म्हणून कॉम्प्युटरला हँग झाला म्हणू नका. तो तुमच्या बोटांना थांबायला वेळ देतो आहे.

गेल्या मे महिन्यात, आंब्याची घाई ओसरल्यावर, तेच काका पुन्हा दुकानात आले होते. अर्ज वेगळा, अडचण तीच: पावतीची खिडकी अडवलेली. आता क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडे दोन छोट्या सरकपट्ट्यांचं चिन्ह असतं. आधी तिथं कुलूप होतं. सप्टेंबर 2023 मध्ये ते बदललं. ते दाबलं की तिथूनच एक लहान फळी खाली लोंबते आणि तिच्यात फक्त त्याच साइटच्या परवानग्या असतात. ही ना वाट अडवणारी चौकट, ना वेगळा टॅब. पत्ता टाइप करायचा प्रश्नच येत नाही, कारण ज्या पानावर आहोत त्याच्याबद्दलच बोलणं चाललेलं असतं. मित्रानं तिथून पॉप-अपची परवानगी दिली. फळीखाली अर्ज पूर्ण दिसत होता. काकांनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहिलं, आपलं नाव आणि गट नंबर जागच्या जागी आहेत याची खात्री केली आणि म्हणाले, "हां. आता मार प्रिंट."