दाढेचा चौथा कॅनॉल इतकी वर्षं कुठे होता?

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, म्हणजे मुळांतून जाणाऱ्या नळ्या, अर्थात कॅनॉलही तीन, हा हिशेब दंतवैद्यकात बरीच वर्षं चालला. खरं तर तो १९१७ सालीच मोडला होता. झुरिकचे दंतवैद्य वॉल्टर हेस यांनी आधीच उपटून झालेल्या सुमारे २,८०० दातांच्या पोकळीत रबर भरलं, ते कडक केलं आणि मग ॲसिडमध्ये दातच विरघळवून टाकला. मागे उरला तो आतल्या पोकळीचा ठसा: फाटे, जाळ्या, आडवे दुवे. वरच्या पहिल्या दाढांपैकी निम्म्याहून अधिक दाढांत चौथा कॅनॉल निघाला.

दवाखान्यात मात्र तो सापडत नव्हता. तो काळ दात वाचवण्याचा नव्हताच. १९१० मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या भाषणात दातांतल्या सेप्सिसवर, म्हणजे जंतुसंसर्गावर, बोट ठेवलं. पुढची दोन-तीन दशकं सांधे दुखले तरी दोष दातांवर जाई आणि दात उपटले जात. एक्स-रेही फसवा. चौथा कॅनॉल गालाकडच्या पुढच्या मुळातच, नेहमीच्या कॅनॉलच्या टाळूकडच्या बाजूला दडलेला असतो. सरळ घेतलेल्या फिल्मवर दोघं एकामागे एक येतात आणि रेघ एकच दिसते. १९६९ मध्ये फ्रँकलिन वाइन आणि सहकाऱ्यांनी हेच मूळ कापून पाहिलं, तेव्हा पुन्हा जवळपास निम्म्यांत दोन कॅनॉल! रूट कॅनॉल होऊनही काही दाढा का ठणकतात, त्याचं एक कारण असं हाती लागलं.

निम्म्या दाढांत आढळणाऱ्या रचनेला अपवाद कसं म्हणायचं? शिवाय अपवाद कुठल्या लोकांतला, हेही पाहावं लागतं. खालच्या पहिल्या दाढेचं जिभेकडचं जादा मूळ दंतवैद्य काराबेली यांनी १८४४ मध्येच नोंदवलं होतं. ते युरोपीय लोकांत क्वचित दिसतं, पूर्व आशियात बरंच. खालच्या दुसऱ्या दाढेतला, कुक आणि कॉक्स यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेला ‘सी’ आकाराचा कॅनॉलही चीन-कोरियात सर्रास आढळतो. मुळं घडवणारं पेशींचं आवरण गालाकडून किंवा जिभेकडून नीट जुळलं नाही, की मुळं सुटी होत नाहीत आणि पोकळी फितीसारखी सलग राहते. तिचे कोपरे नुसत्या फाइलनं, म्हणजे कॅनॉल खरवडणाऱ्या बारीक सुईनं, साफ होत नाहीत. तिथे हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाच्या धुण्यावरच भिस्त.

१९९० च्या दशकात सूक्ष्मदर्शक दंतवैद्यांच्या खुर्चीपाशी आला. १९९८ पासून अमेरिकेत एंडोडोंटिक्सच्या (रूट कॅनॉल उपचारांच्या शाखेच्या) पदव्युत्तर शिक्षणात त्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्याच सुमारास दातांसाठीचा सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन निघाला आणि एकामागे एक लपलेले कॅनॉल दात न कापता वेगळे दिसू लागले.