आधी कृती, मग उमेद

व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचं एक छोटं गाव आहे. १९२९-३० च्या सुमारास तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक तिथे गेले, तेव्हा गावाकडे वेळच वेळ होता. तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं होतं, तेही फी माफ झालेली असताना. संशोधकांनी खिडकीआड उभं राहून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत चालत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका भराभर जात, कारण घरचं काम त्यांना सुटलं नव्हतं. दिवसभर काय केलं, हे पुरुषांना धड सांगताही येत नव्हतं.

याहोडा यांनी पुढे मांडलं, की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते: दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसं, चारचौघांबरोबरचं एखादं उद्दिष्ट, समाजातलं स्थान आणि नेमाने करायचं काम.

मारियेनथालमधली बहुतेक माणसं धडधाकट होती. डिप्रेशन, बायपोलर (कधी खोल उदासी, तर कधी उन्माद म्हणजे अनावर उत्साह) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) असलेल्या माणसाची झोप, भूक, काही सुरू करण्याची ऊर्मी आजारानेच आधी ओढून नेलेली असते. त्यात नोकरी जाते. मग घरात सुरू होतं, ‘अरे, निदान आंघोळ तरी कर वेळेवर’, ‘मनावर घेतलंस तर सगळं होईल’. ऊर्मी आटणं हे या आजारांचं लक्षण आहे. काही औषधांनी सकाळी डोळेही उघडत नाहीत. याला आळस म्हणणं चुकीचं आहे आणि त्याने आजारी माणूस आणखी खचतो.

मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. त्याचं स्वतःचं चक्र सरासरी चोवीस तासांहून थोडं मोठं असतं, म्हणून ते रोज लावून घ्यावं लागतं. हे काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. नोकरी असते तेव्हा लोकल गाठायची म्हणून माणूस आपोआप उजेडात येतो. ती गेली की पडदे ओढलेले राहतात, रात्री दोनपर्यंत मोबाईल चालतो, सकाळ अकराला उजाडते. बायपोलर आजारात तर अशी विस्कटलेली झोप उन्मादाला निमित्त ठरू शकते.

अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये एलेन फ्रँक या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धाग्यावर बायपोलरसाठी एक उपचार उभा केला. त्यात रुग्ण रोज पाच गोष्टींच्या वेळा टिपतो: अंथरुणातून कधी उठलो, पहिल्यांदा कुणाशी बोललो, काम सुरू केलं, रात्री जेवलो, झोपलो. कामाच्या रकान्यात घरकामही चालतं. नेहमीच्या वेळेच्या मागेपुढे पाऊण तास झाला तरी वेळ पाळली असंच धरतात. मला ही पाऊण तासाची सवलत फार शहाणपणाची वाटते. पहाटे पाचला उठून योगासनं, असं कडक वेळापत्रक आखलं की ते तिसऱ्या दिवशी मोडतं आणि वर अपराधीपणा उरतो.

पण ‘काही करावंसंच वाटत नाही’ त्याचं काय? याचं एक चांगलं उत्तर गोव्यातून आलं आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेच्या गटाने बरंच तीव्र डिप्रेशन असलेल्या ४९५ जणांवर एक चाचणी केली. निम्म्यांना नेहमीचे उपचार जरा सुधारून दिले. उरलेल्यांना त्याबरोबरच स्थानिक समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. या समुपदेशकांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती, या कामापुरतं प्रशिक्षण होतं. तीन महिन्यांनी समुपदेशक भेटलेल्या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनच्या लक्षणांतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

समुपदेशकांनी वापरलेल्या पद्धतीचा गाभा साधा आहे. मन उदास, म्हणून माणूस भेटीगाठी टाळतो. टाळल्याने त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, पण आनंदाच्या, काही जमल्याच्या जागाही बंद होतात आणि उदासी वाढते. म्हणून मूड सुधारण्याची वाट न पाहता छोटी कृती आधी ठरवायची, वेळेसकट. ‘व्यायाम करेन’ हे फार मोघम झालं. ‘साडेआठला चहाचा कप घेऊन गॅलरीत दहा मिनिटं बसेन, मग कोपऱ्यावरून कोथिंबीर आणेन’ हे करता येतं. कोथिंबीर आणण्यात उजेड आहे, चालणं आहे, भाजीवालीशी दोन शब्द आहेत आणि घरात कुणाला तरी तिची गरज आहे. याहोडांच्या यादीतलं बरंचसं त्यात येऊन जातं. ‘आयुष्याचं ध्येय’ शोधायला बसण्यापेक्षा आपल्यावाचून अडेल असं एखादं काम अंगावर घेणं मला अधिक खरं वाटतं. शेजारच्या मुलीचा अभ्यास घेणं, आजोबांच्या गोळ्या वेळेवर देणं, असं काहीही.

हे सगळं औषधांच्या जोडीने करायचं आहे. दिनक्रम लागला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जीव नकोसा वाटत असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा.

राहिला नोकरीचा प्रश्न. ‘आधी पूर्ण बरा हो, मग बघू’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण पुरावा वेगळं सांगतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी पद्धत घडवली, ती अशी: ज्याला काम करायचंय त्याला प्रशिक्षणाच्या पायऱ्यांत न अडकवता लगेच खरी, पगारी नोकरी शोधायला मदत करायची, आणि रुजू झाल्यावरही सोबत सोडायची नाही. युरोपातल्या सहा शहरांत गंभीर मानसिक आजार असलेल्या ३१२ जणांवर ती तपासली गेली. तिच्या मदतीने ५५ टक्के लोकांना खुल्या बाजारात काम मिळालं, ‘आधी प्रशिक्षण, मग नोकरी’ या जुन्या पद्धतीने २८ टक्क्यांना. कामाच्या ताणाने आजार उलटेल ही घरच्यांची मोठी भीती असते. प्रत्यक्षात या नव्या पद्धतीने मदत मिळालेल्या गटातल्या लोकांवर पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली.