‘हो’ म्हणणाऱ्याचा जबाब

बौद्धिक अक्षमता असलेला माणूस साक्ष देऊ शकतो का, याचं उत्तर आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यातच होतं, 2024 मध्ये त्याच्या जागी आलेल्या कायद्यातही तेच आहे. ज्याला प्रश्न कळतो आणि सुसंगत उत्तर देता येतं, तो साक्षीदार. प्रश्न त्याला कळेल असा विचारायचा कुणी, यावर मात्र कायदा गप्प राहिला.

प्रश्न नीट न विचारण्याची किंमत दिसली ती लंडनमध्ये. एप्रिल 1972 मध्ये कॅटफर्ड भागातल्या जळत्या घरात मॅक्सवेल कॉन्फेटचा मृतदेह सापडला. पोलिसांनी तीन मुलं पकडली. थोरला 18 वर्षांचा, समज मात्र आठ वर्षांच्या पोराएवढी. चौकशीला पालक हजर नव्हते. तिघांनी कबुलीजबाब दिले, तिघेही दोषी ठरले. 1975 मध्ये अपील न्यायालयाने ते निकाल रद्द केले. मृत्यूची वेळच कबुलीशी जुळत नव्हती. ‘तूच केलंस ना?’ या प्रश्नाला अशा मुलाकडून ‘हो’ येतं, कारण ‘हो’ म्हटलं की समोरचा रागवायचा थांबतो, हे तो लहानपणापासून शिकलेला असतो. असं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे ब्रिटनमध्ये या प्रकरणाचा चौकशी अहवाल, मग रॉयल कमिशन म्हणजे सरकारी आयोग, आणि पोलीस तपासाबाबतचा 1984 चा कायदा. अशा संशयिताच्या चौकशीत पोलिसांबाहेरची एक जबाबदार प्रौढ व्यक्ती शेजारी बसवायची पद्धत त्यातून रुजली. साक्षीदारासाठी मध्यस्थाची, म्हणजे प्रश्न-उत्तरं एकमेकांना समजावून देणाऱ्या व्यक्तीची, सोय तिथल्याच 1999 च्या कायद्याने आणली.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींचा विचार त्याहून उशिरा झाला. त्यांची अडचण निराळी. ‘काय काय झालं ते सांग’ हा प्रश्न त्यांच्यातल्या अनेकांना फार मोकळा पडतो. कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

आपल्याकडे फौजदारी कायद्यातल्या 2013 च्या दुरुस्तीने लैंगिक अत्याचाराची तक्रार देणाऱ्या अपंग महिलेचा जबाब तिच्या घरी किंवा सोयीच्या जागी, विशेष शिक्षक वा दुभाष्यासमोर, चित्रीकरणासह घेणं बंधनकारक केलं. न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचा तिचा जबाब सरतपासणीच्या, म्हणजे कोर्टात तिच्याच बाजूच्या वकिलाने घ्यायच्या पहिल्या साक्षीच्या, जागी धरला जातो. तरी महाराष्ट्रातल्या एका खटल्यात, मूकबधिर व बौद्धिक अक्षमता असलेल्या पीडितेची साक्षच झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं होतं. ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अशा साक्षीदारांसाठी खास साक्षकेंद्रं उभारायला सांगितलं.

या सोयी तक्रारदारासाठी. कॅटफर्डच्या मुलासारखा संशयित आपल्या ठाण्यात बसला, तर त्याच्याशेजारी विशेष शिक्षक बसवायला ही दुरुस्ती सांगत नाही. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुराव्यात चालत नाही, हे खरं. त्या कबुलीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग मात्र चालतो.